न झिजणारे टायर

बायकोला दर महिन्याला केमोसाठी इंदूरला न्यायचं होतं आणि आमच्या जुन्या सेडानचे टायर पार गुळगुळीत झाले होते. बऱ्हाणपूरच्या दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक नरम, आरामाचे, पण लवकर झिजणारे. दुसरे कडक, टॅक्सीवाले नेतात ते, स्वस्त आणि वर्षानुवर्षं चालणारे.

"घर की गाडी है चाचा, नरम ले लो," तो म्हणाला.

पण मी पडलो केळीवाला, टिकाऊ मालाची अक्कल जगात मलाच! कडक घेतले. वर शेतातल्या ट्रॉलीत भरतो तशी ठासून हवा भरली, म्हणजे आणखी कमी झिजतील.

असीरगढच्या घाटात प्रत्येक खड्डा तिच्या हाडांत शिरत होता आणि मी पुढे बसून टायरचं कौतुक सांगत होतो. शेवटी मागच्या सीटवरून ती म्हणाली, "अहो, केळीच्या घडाखालीसुद्धा तुम्ही पाला अंथरता. मी काय घडापेक्षा टणक आहे?"

मी हसलो. तीही हसली. घरी आल्यावर मी हवा कमी केली, मागच्या सीटवर गादी टाकली. पण "आता इंदूर पुरे," म्हणाली, ती पुन्हा गाडीत बसली नाही. पावसाळ्याआधी गेली. डॉक्टर म्हणतात, आजारच तसा होता. म्हणोत बापडे.

परवा तो दुकानदार भेटला. "चाचा, टायर कैसे चल रहे?"

"जराही झिजले नाहीत," मी म्हणालो.