सेम्बावांगच्या पावसावर बोटॅनिक गार्डनचं फूल

बोटॅनिक गार्डनला लोक सवडीने जातात. आम्ही मात्र रविवार फुलाला विचारून ठरवला.

पिजन ऑर्किड हे सिंगापूरचं अस्सल देशी फूल, पांढरं आणि उडत्या कबुतरासारखं. संकर करून काढलेलं नव्हे, रस्त्याकडेच्या डेरेदार रेन ट्रीच्या फांद्यांवर आपणहून वाढणारं. एरवी नुसत्या हिरव्या काड्या दिसतात. पण धो धो पावसाने हवा एकदम गार झाली, की नवव्या दिवशी पहाटे त्या भागातली सगळी रोपं एकाच वेळी फुलतात आणि संध्याकाळी मान टाकतात. मी व्यवसायाने अकाउंटंट. वनस्पतिशास्त्राच्या वर्गात कधी पाऊल टाकलं नाही. जे येतं ते मान वर करून हिंडत शिकलोय. शुक्रवारी सिंगापूरच्या उत्तर टोकाला, सेम्बावांगच्या आमच्या बाल्कनीतून तसा पाऊस पाहिला आणि मराठी मंडळींच्या ग्रुपवर लिहिलं, "या नव्हे, पुढच्या रविवारी सकाळी फूल दाखवतो. नक्की."

"'बहुतेक' लिहायचं होतंत," बायको म्हणाली. मी 'नक्की' ठेवलं.

जाणाऱ्यांसाठी: मेट्रोच्या लाल लाइनने बिशान, तिथून सर्कल लाइन, स्टेशनचं नावच बोटॅनिक गार्डन्स. बाग फुकट, आतल्या ऑर्किड गार्डनला तिकीट, रहिवाशांना सवलत, तेव्हा इथे राहण्याचा पास जवळ ठेवा. आणि लवकर पोचा. उशिरा गेलात तर ऊन आणि लग्नाचे फोटो काढणारे, दोन्ही अंगावर येतात.

पाच कुटुंबं घेऊन पहिल्या रेन ट्रीखाली उभा राहिलो. काड्या. दुसऱ्याखाली, काड्या.

"काय गुरुजी, फूल सुट्टीवर का?" बँकेतल्या मिलिंद पेठेने विचारलं. सगळे खो खो हसले.

मंडळींना आधी ऑर्किड गार्डनमधल्या गार काचघरात नेलं. ज्या देशाला डोंगर म्हणावा असा डोंगर नाही, त्याने काचेत डोंगर वाढवलाय! उष्ण प्रदेशातल्या उंच डोंगरांवरची झाडं, अंगावर येणारं धुकं, शेवाळात नखाएवढी ऑर्किडं, टांगलेली घटपर्णी. पेठेची बायको म्हणाली, "मी इथेच राहते, तुम्ही फूल शोधा." माझं मात्र तिथे लक्ष लागेना.

बाहेर येऊन दुर्बीण लावली. कळ्या होत्या! टपोऱ्या, पांढऱ्या, उमलायच्या बेतात. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी पाऊस सेम्बावांगचा मोजला आणि फूल इथलं मागत होतो. सिंगापुरात एका टोकाला कपडे भिजतात तेव्हा दुसऱ्या टोकाला वाळत असतात.

"इथे पाऊस एक दिवस उशिरा पडला, तेव्हा फूल उद्या," मी जाहीर केलं.

"उद्या ऑफिस आहे रे!"

"मग आज सेम्बावांगला."

लेकीला, ईराला, फोन लावला. "खाली जाऊन कारपार्कजवळचं झाड बघ."

"बाबा, संडे लाह!" तिचं सिंगापुरी सुरू झालं. "आत्ता उठतेय." पण गेली. थोड्या वेळाने ओरडलीच, "बाबा! फुल्ल व्हाइट! वास पण येतोय!"

जेवण हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर ठरलं होतं, प्राटा म्हणजे इथला पराठा. पेठे म्हणाला, "आधी प्राटा, मग निघू." मी म्हटलं, "प्राटा पार्सल मिळेल. फूल मिळणार नाही."

आमच्या ब्लॉकखालचं ते रेन ट्री रोज सगळ्यांच्या डोक्यावर असतं. आज त्याच्या फांद्यांवर पांढऱ्या कबुतरांचे थवे बसले होते, आणि खाली कार धुणारे शेजारीसुद्धा वास घेत थांबले होते. पेठे पार्सलची पिशवी हातात धरून वर बघत राहिला. प्राटा गार झाला.

"आम्हाला बागेत कशाला नेलंस मग?" शेवटी त्याने विचारलं.

"मलाही वाटलं, फूल बघायचं तर बागेतच."

संध्याकाळी फुलं मिटली. वर्गात कोणी शिकवलं असतं, तर पाऊस जिथला तिथलाच मोजायचा हे मी आधीच पाठ केलं असतं. पण इतकं पक्कं समजलं नसतं. माझं 'नक्की' खरं ठरलं, फक्त पत्ता चुकला होता.

परवा ग्रुपवर पेठेचा मेसेज आला. त्याच्या बँकेचं ऑफिस वन-नॉर्थ भागात. "इथे आत्ता तुफान पाऊस. ऑफिसखाली दोन रेन ट्री आहेत, काड्या बघून आलो. आज गुरुवार, म्हणजे फूल या नव्हे, पुढच्या शनिवारी येतंय. सगळ्यांनी या. नक्की."

मी दिवस मोजून पाहिले. बरोबर होते.