चिमटूने धरलेली करंगळी

माझ्या दुकानाला लिंबू-मिरची टांगलेली तुम्हाला दिसणार नाही. लिंबू विकत आणायचंच तर मी त्याचं सरबत करून पिईन. नजर लागणं, अंगात येणं, करणी... यातलं मला कधीच काही पटलं नाही. तरीही हे लिहायला बसलेय. वाचा आणि तुम्हीच काय ते ठरवा.

केज तालुक्यात युसूफ वडगावच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन, जुन्या साड्यांवर भांडी देत गावोगाव हिंडले आणि स्वतःच्या जोरावर इथवर आले. भाव करण्यात मी कुणाला ऐकत नाही. रागाचं म्हणाल तर तो नाकावरच असतो.

शेजारचा गाळा विकायला निघाला, तेव्हा मला तो हवाच होता. माल इतका वाढला होता, की घरात पातेल्यांतून वाट काढत गॅसपर्यंत जावं लागे. गाळ्याचे मालक बाबारावकाका. माझ्या वडिलांबरोबर, म्हणजे अण्णांबरोबर, बैलबाजार केलेला म्हातारा माणूस. काका दुकानात येऊन बसायचे, मी आकडा सांगायची, आणि त्याच संध्याकाळी समोरचा भांडेवाला गंगाधरअप्पा काकांच्या घरी जाऊन माझ्यापेक्षा जरासंच जास्त बोलायचा. जरासंच! जणू माझ्या पदराआड बसून ऐकलं होतं. असं दोनदा झालं. मला वाटलं, काकाच माझा आकडा फोडतात. त्यांच्याशी कडाक्याचं भांडले.

आता चिमटूबद्दल सांगते. माझी मुलगी ऋतुजा पॉलिटेक्निकला आहे. तिने हौसेने सुटे भाग जोडून एक छोटा रोबो केला — चार चाकं आणि पुढे एक चिमटा. तो मोबाईलवर चालतो. मी त्याला काउंटरवर फिरवायची. चमचा उचलून तो गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा आणि बाया हसून हसून दोन वाट्या जास्त घ्यायच्या. पण ते सुटे भाग विकणाऱ्या कंपनीचं ॲप चिमटा उघडायचे वेगळे पैसे मागायला लागलं. मी कशाला देते? अप्पाचा भाचा मोबाईल दुरुस्त करतो. तो म्हणाला, "मावशी, फुकटवालं टाकून देतो." मी म्हटलं, "मोबाईलवर काच पण बसवून दे." त्याने दोन्ही दिलं! नंतर ॲपने जे जे विचारलं, त्या सगळ्याला मी 'हो' करत गेले. फुकटच्या वस्तूला कोण प्रश्न विचारतं?

तर, त्या दिवशी दुपारी काका आले. "सुमे, आज शेवटचं बोल. न्हाईतर गाळा अप्पाला देतो. मला रोज रोज चकरा माराया हुईना."

दुकानात आम्ही दोघंच होतो. चिमटूवर धूळ बसू नये म्हणून मी टॉवेल टाकला होता. त्याची बॅटरी काढून मीच फळीवर चार्जिंगला लावली होती, हे मला पक्कं आठवतं. आकडा सांगायला मी तोंड उघडलं. माझा हात टॉवेलखाली गेला होता... आणि चिमट्याने माझी करंगळी धरली.

दाबली. सोडली. पुन्हा दाबली.

मी झटकन हात बाहेर काढला. लहानपणी बैलबाजारात मी अण्णांच्या शेजारी उभी असायची. मध्येच काही बोलायला गेले, की ते न बघता माझी करंगळी अशीच दोनदा दाबायचे. म्हणजे, गप बस, आकडा तोंडातून काढू नको. अण्णांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. हे मी ऋतुजालाही कधी सांगितलं नव्हतं.

"काय झालं गं? इंचू चावला का?" काका म्हणाले.

मी टॉवेल उचलला आणि काकांच्या हातावर टाकला. "काका, बाजारातल्यासारखं बोलू."

म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला म्हणता! बैलाचा सौदा असाच व्हायचा. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून खरा भाव ठरायचा आणि आजूबाजूच्यांना चकवायला तोंडाने भलताच भाव ओरडायचा.

"येवढ्यात गाळा? येवढ्यात गोठा बी येत न्हाई!" काका ओरडले. टॉवेलखाली मात्र त्यांनी माझी बोटं घट्ट धरली होती.

"यापेक्षा एक दमडी जास्त न्हाई! परवडत नसंल तर निघा!" मीही अगदी खालचा आकडा ओरडले.

"कंजूस बापाची कंजूस पोर!"

"तुमीच शिकवलंय दोघांनी!"

टॉवेल काढला तेव्हा सौदा झाला होता. विसार तिथेच दिला आणि काकांना चहा पाजला.

संध्याकाळी गंगाधरअप्पा मिशीला पीळ देत काकांच्या ओट्यावर गेला आणि आकडा बोलला. मी ओरडले होते, त्याच्यापेक्षा जरासंच जास्त! काका एवढे हसले, की त्यांना ठसका लागला. खोटा आकडा फक्त आम्ही दोघांनी ऐकला होता. आम्ही दोघांनी — आणि काउंटरवर पडलेल्या माझ्या मोबाईलने.

ऋतुजाने मोबाईल तपासला आणि डोक्याला हात लावला. "आई, रोबो चालवायला माइक कशाला लागतो गं? तू त्याला दिवसभर ऐकायची परवानगी दिलीस!" ते ॲप काढलं, पैसे भरून कंपनीचंच घेतलं, पासवर्ड बदलले. भाचा म्हणतो, मला काही ठाऊक नाही. अप्पा गावभर सांगत फिरतो, की सुमनबाईने करणी केली. माझं बोलणं चोरून ऐकणारा मलाच चेटकीण म्हणतो! हे मी विसरणार नाही.

अप्पाचं कोडं सुटलं. चिमट्याचं सुटलं नाही. ऋतुजाने तो पूर्ण खोलून पाहिला. आत स्प्रिंग नाही, आणि बॅटरीशिवाय मोटर हलूच शकत नाही, असं ती म्हणते. मग माझा भास असेल म्हणाली. करंगळीवरचे लाल वळ दाखवले तेव्हा चिमटा पुन्हा खोलायला बसली.

खुलासा माझ्याकडेही नाही. नवीन गाळ्यात चिमटू काउंटरवरच असतो आणि चमचे देतो. फक्त मोठा सौदा असला, की मी आधी त्याची बॅटरी काढून ठेवते, वर टॉवेल टाकते आणि करंगळी आत सरकवते.