जळक्या मोटारींचा मिस्त्री

चारचौघांत आपल्या कामाविषयी बोलायची तुम्हाला भीती वाटते, असे तुमच्या आईने कळवले. त्यावरून मला वालूरच्या शेतकरी मेळाव्यातला एक मिस्त्री आठवला आणि जुना संताप पुन्हा उसळला.

तेव्हा गावोगाव विहिरींवरच्या विजेच्या मोटारी जळत होत्या. त्यावर बोलायला आलेल्या पाहुण्या साहेबांनी तासभर इंग्रजी तक्ते वाचले. शेतकऱ्यांना ओ की ठो कळले नाही. मग मोटारी दुरुस्त करणाऱ्या या मिस्त्रीला दोन मिनिटे दिली. त्याने काळवंडलेल्या हातांनी माइक हातभर लांब धरला.

"अहो, माइक चावत नाही!" साहेब म्हणाले. सारे व्यासपीठ हसले.

"माइकला न्हाई भेत, साहेब. तुमच्या हसण्याला भेतो."

मग तो शेतकऱ्यांकडे वळला. "लाइट आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून तुमी स्टार्टरच्या बटणात काडी खुपसता. मंग लाइट कमी दाबानं आली की मोटार आपोआप बंद कशी पडंल? जळंलच की! घरी जाऊन आधी काडी काढा."

"मिस्त्री, तुमचं गिऱ्हाईक जाईल की!" कोणीतरी ओरडले.

"जाऊ द्या. जळक्या मोटारी लय पाह्यल्या."

आभार मानताना हारवाल्यापासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांची नावे घेतली. त्याचे घेतले नाही. पहिल्या रांगेत बी.ए. झालेली मी बसले होते. "त्यांचेही नाव घ्या" एवढे म्हणायला माझी जीभ उचलली नाही. या संतापातला निम्मा माझ्यावरचाच आहे.