दोन पाण्यात धुतलेले फोटो

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी मी धुळ्यात फोटोचा स्टुडिओ काढला आणि दीड वर्षात तो बंद केला. तो का बंद पडला, हे लोकांना मी बरीच वर्षं वेगवेगळं सांगत आलो. खरं काय झालं ते असं.

त्याआधी मी एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. फोटोचा नाद होता. जळगावला एक म्हातारे फोटोग्राफर होते, सगळे त्यांना आबा म्हणत. रविवारी मोटारीने त्यांच्याकडे जायचं, दिवसभर काम बघायचं आणि संध्याकाळी परतायचं, असं मी सात-आठ महिने केलं. कॅमेऱ्यात काचेची प्लेट कशी भरायची, माणसाला कसं बसवायचं, काचेवरून कागदावर फोटो कसा उतरवायचा हे त्यांनी शिकवलं. तेवढ्यावर मला वाटलं, झालं शिकून. नोकरी सोडली तेव्हा आबांना मी विचारलं नाही, नुसतं पत्राने कळवलं. त्यांचं उत्तर आलं नाही.

धुळ्यात सहाव्या गल्लीत माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत आमचा संसार. मागच्याच खोलीचा एक कोपरा काळं कापड लावून मी अंधाराचा केला. सुरुवात बरी झाली. लग्नसराईत नवी जोडपी येत, बाजाराच्या दिवशी खेड्यातली माणसं येत. खुर्चीवर बसायला ती संकोचत, मग एकदा बसली की हलायची नाहीत.

फोटोच्या कामाला पाणी फार लागतं. कागदावर चित्र उमटलं की ते पक्कं होण्यासाठी एका औषधात बुडवावं लागतं, आणि नंतर ते औषध पूर्ण निघून जाईपर्यंत धुवावं लागतं. आबांचा नियम अर्धा तास आणि सहा पाणी असा होता. आमच्या माडीवर नळ नव्हता. पाणी माझी बायको खालच्या आडावरून आणायची, आणि चैत्र लागला तसा आड खाली गेला. दोर लांबवावा लागला. एका दुपारी ती जिन्यात मधेच बसलेली दिसली, कळशी मांडीवर धरून. त्या दिवशी मी तिला म्हणालो, आता इतकं पाणी लागणार नाही, मी नवी पद्धत काढली आहे. पद्धत वगैरे काही नव्हती. मी फोटो दोन पाण्यात धुवायला लागलो, पाच मिनिटं. प्लेटाही तशाच. ओले फोटो बघितले, वाळलेले बघितले. काही फरक दिसला नाही. पावसाळ्यात आड भरला तरी मी सहा पाण्यांकडे परत गेलो नाही. काम लवकर उरकत होतं.

दिवाळीनंतर पहिला फोटो परत आला. एका मास्तरांचा होता, कडेने पिवळा पडलेला. मी त्यांना सांगितलं, भिंतीला ओल असेल. त्यांनी मान डोलावली आणि मी दुसरा काढून दिला. मग आणखी दोघं-तिघं आले. कुणाला चुलीच्या धुराचं कारण सांगितलं, कुणाला कागद वाईट निघाल्याचं. कागदाचं सांगता सांगता माझाही त्यावर थोडा विश्वास बसला. कागदाच्या व्यापाऱ्याला मी तक्रारीचं पत्रसुद्धा लिहिलं.

पौषात एक शेतकरी आला. वैशाखात तो आपल्या बापाला घेऊन आला होता, ते मला आठवत होतं, कारण म्हाताऱ्याने पागोटं दोनदा सोडून पुन्हा बांधलं होतं. शेतकऱ्याने पिशवीतून फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. मधे तपकिरी डाग पसरला होता आणि चेहरा त्यात गेला होता.

"भाऊ, हाऊ मना बाप शे," तो म्हणाला. "आते वळखू येस नही."

बाप श्रावणात वारला होता. दुसरा फोटो नव्हता. मी त्याला म्हणालो, प्लेट माझ्याकडे आहे, आठ दिवसांत नवा देतो. तो गेल्यावर प्लेट शोधली. उजेडात धरली तर तीही तशीच डागाळलेली होती.

मी ती कापसात गुंडाळून जळगावला गेलो. आबांनी मला बस म्हटलं नाही आणि उभंही ठेवलं नाही, नेहमीसारखं स्टूल पुढे केलं. कागदाची तक्रार त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग एका बशीत स्वच्छ पाणी घेतलं, प्लेट त्यात बुडवून ठेवली, आणि थोड्या वेळाने त्या पाण्यात जांभळ्या औषधाचे दोन थेंब टाकले. विहिरीत टाकतात तेच औषध. पाणी गुलाबी झालं आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याचा रंग गेला. शेजारच्या बशीत त्यांनी नुसत्या पाण्यात तेवढेच थेंब टाकले. ते गुलाबीच राहिलं; म्हणजे पहिल्या पाण्यात प्लेटेतलं न धुतलेलं औषध उतरलं होतं, डाग त्याचेच.

"किती वेळ धुतली होती?"

"अर्धा तास," मी म्हणालो.

आबा दोन्ही बशा माझ्याकडे सरकवून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"पाच मिनिटं," मी म्हणालो. "दोन पाण्यात."

"हं," आबा म्हणाले, आणि कामाला लागले.

दोन दिवस खपून त्यांनी त्या प्लेटेतून जेवढं निघण्यासारखं होतं तेवढं काढलं. पागोटं आलं, मिशा आल्या, एक कान आला. डोळे आले नाहीत. पेन्सिलीने डोळे काढता येतील, पण ते आपण काढलेले असतील, हे त्या माणसाला आधी सांग, असं ते म्हणाले.

मी त्या शेतकऱ्याच्या गावी गेलो आणि त्याच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. ओलीचं किंवा कागदाचं नाव काढलं नाही. डोळे पेन्सिलीने काढायला तो नको म्हणाला. फोटो हातात धरून तो खूप वेळ बघत होता. मग "पागोटं बापनंच शे," एवढं म्हणाला आणि फोटो आत घेऊन गेला. बाहेर येताना त्याने माझ्यासाठी पाणी आणलं. तो माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर मला ते सोपं गेलं असतं, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्या घरात त्या दिवशी माझा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

घरी येऊन बायकोलाही सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी आणखी चार खेपा केल्या असत्या. नाही झालं तर नाही म्हटलं असतं."

मी तिच्यासाठी केलं असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. पण तिला मी विचारलंच नव्हतं, आणि पावसाळ्यातल्या दोन पाण्यांशी तर तिचा काही संबंध नव्हता.

ज्यांचे पत्ते वहीत होते त्या गिऱ्हाइकांना मी कार्डं टाकली, की फोटो खराब झाला असेल तर या, पुन्हा काढून देतो. काही आले. त्यांचे फोटो अर्धा तास, सहा पाण्यात धुऊन दिले. नवीन गिऱ्हाईक मात्र येईनासं झालं. ते साहजिक होतं. फाल्गुनात खोल्या सोडल्या आणि आम्ही जळगावला आलो. आबांनी मला कामावर घेतलं ते धुण्याच्या कामावर. वर्षभर मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. प्रत्येक खेपेला शेवटच्या पाण्यात जांभळा थेंब टाकायचा आणि रंग टिकला की मगच फोटो वाळत घालायचे.

पुढच्या उन्हाळ्यात जळगावातही नळ एक दिवसाआड झाला. आबांनी पुठ्ठ्यावर लिहून दाराला लावलं : पाण्याची टंचाई असल्याने फोटो पंधरा दिवसांनी मिळतील. मला धास्ती वाटली की दुकान ओस पडेल. दोघं-तिघं दुसरीकडे गेले, एका लग्नघराने कुरकुर केली. बाकीची माणसं पाटी वाचून आत येत होती, खुर्चीवर बसत होती, आणि कधी येऊ म्हणून विचारून जात होती.