लांब दगडांवाचून चाळीस फूट

जेबेझ टिरेलचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. साडेचारला तो मालकांच्या कुरणावर, हातात पहार. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या गावात त्याच्यासारखी दगडी भिंत कोणी रचत नसे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. भिंतीला दोन बाजू, मध्ये चुरा, आणि दर तीन फुटांवर दोन्ही बाजूंना धरणारा एक लांब दगड. थंडीत जमीन गोठून फुगते, तेव्हा तो नसला तर भिंत पोट काढते.

मालक गावात फारसे नसतच. आधी देशाचे वकील म्हणून फ्रान्सच्या दरबारी गेले, मग हॉलंडला, मग ज्या इंग्लंडशी आम्ही लढलो त्याच्याच दरबारात. शेत कारभारी बेल्चर बघायचा. एका वसंतात पत्र आलं, मालक जूनमध्ये लंडनहून परत येतायत.

"जेबेझ, त्यांची घोडागाडी यायच्या आत भिंत पुरी पाहिजे," बेल्चर म्हणाला. "कसंही कर."

शेवटचे चाळीस फूट जेबेझने चार दिवसांत उरकले. एरवी दहा लागले असते. लांब दगड टेकडीपलीकडून ओढून आणावे लागत. बैल माझे होते. त्याने दगड मागितले नाहीत, मी आणले नाहीत. भिंत दिसायला सुरेख होती. बेल्चरने पाठ थोपटली.

पुढच्या एप्रिलमध्ये नेमके तेच चाळीस फूट कोसळले. गुरं शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरली.

भिंत दोघांनी बांधली होती. दुसरा ओबेड लव्हेल. त्याला साइडरचा, सफरचंदाच्या दारूचा नाद. बेल्चरने चौकशीसुद्धा केली नाही.

"झिंगून दगड लावतोस होय रे? नीघ इथून!"

"माझा भाग ओढ्याकडचा. तो उभाय, बघा जाऊन," ओबेड म्हणाला. "जेबेझ, सांग की त्यांना!"

जेबेझ पहारेचं टोक बोटाने चाचपत राहिला.

त्याच महिन्यात मालक देशाचे उपाध्यक्ष झाले, आठ वर्षांनी अध्यक्ष. गावात तोफ उडाली. ओबेडला मात्र कोणी भिंतीच्या कामावर घेईना. तो गवत कापी, खतासाठी किनाऱ्यावरचं शेवाळ ओढी. साठी उलटली, कंबर गेली, तेही संपलं. त्याची नजर नको म्हणून जेबेझने चर्चमधला बाक बदलला.

बाराव्या वर्षी, मालक निवडणूक हरून घरी परतत होते त्याच मार्चमध्ये, गावसभेत ओबेडचं नाव पुकारलं गेलं. निराधाराला आमचं गाव पोसतं, पण लिलाव करून. गावाकडून सर्वांत कमी पैसे घेऊन जो ठेवून घेईल, त्याच्या घरी तो वर्षभर राहतो. ओबेड कोपऱ्यात बसला होता, टोपी गुडघ्यावर.

"आठवड्याला सहा शिलिंग," कोणीतरी बोललं.

"चार!" डुकरं पाळणारा नॅश ओरडला.

"अरे, खातो कमी, पितो जास्त! परवडायचं नाही तुला!" सभा हसली.

"बरं, तीन."

नॅशने मागच्या वर्षी घेतलेली म्हातारी गोठ्यात झोपायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

जेबेझ उठला. "मला काही नको. फुकट ठेवतो."

सभाध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. "फुकट? का बुवा?"

"ती पडलेली भिंत माझी होती. लांब दगड मी घातले नव्हते."

"बारा वर्षांनी आठवलं होय?"

"विसरलो कधीच नव्हतो."

ओबेड त्याच्याकडे न बघता म्हणाला, "माझे बारा उन्हाळे कोण देणार रे, जेबेझ?"

मी मान खाली घातली.

"चल घरी," जेबेझ म्हणाला.

"येतो. नॅशच्या डुकरांपेक्षा तू बरा. थोडासाच."

म्हातारपणी स्वतःची एकरभर जमीन असावी म्हणून जेबेझने तीस वर्षं मजुरी साठवली होती. त्याने हेरून ठेवलेली जमीन दुसऱ्याने घेतली. जेबेझच्या साठवलेल्या पैशांतून ओबेडसाठी लोखंडी शेगडी आली, लोकरीचे दोन सदरे आले, डॉक्टर आला, आणि रोज एक पेला साइडर. पाच वर्षं. ओबेडने त्याला माफ केलं नाही. जेबेझने माफी मागितलीही नाही. उरलेल्या पैशांतून ओबेडची पाइनच्या लाकडाची शवपेटी झाली आणि गोठलेली जमीन खोदणाऱ्या दोघांची एका दिवसाची मजुरी.