मुंबईपर्यंतचा व्हिसा

रेल्वेवाल्यांच्या घरात अंतर मैलांत मोजत नाहीत. वडील डहाणू रोडला मालधक्क्यावर कारकून होते आणि आमच्या क्वार्टरमध्ये प्रत्येक गाव किती लांब ते तासांत ठरलेलं असे. कराचीहून मुंबईला विमान तीन तासांत येतं, हे कळल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की कराची आपल्याला सुरतेइतकीच लांब.

कराचीला माझी आत्या होती, वडिलांची एकुलती एक बहीण. दोघं डहाणूजवळच, चिखल्याला समुद्राकाठच्या घरात वाढलेली. आत्याच्या यजमानांची नोकरी कराची बंदरावर, म्हणून फाळणीनंतरही ती तिथेच राहिली. तिला मूलबाळ नव्हतं. माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा वडील म्हणाले, "नाव आत्याच ठेवील. तोवर बारसं नाही."

बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे आईलाही मान्य होतं. पण तिने व्हिसाचा अर्ज केला, आम्ही वाट पाहिली, आणि बारावा दिवस केव्हाच मागे पडला. बाळ पालथं पडायला लागलं. शेजारची गुजराती काकी कुंपणावरून रोज विचारायची, "हजी नाम नथी पाड्युं?" आईचं डोकं फिरायचं.

"अहो, उद्या पोरगं शाळेत जाईल. तिथे काय सांगायचं?"

"तीन तासांचं तर अंतर आहे. येईलच ती," वडील म्हणायचे. त्या तीन तासांचा मला अगदी वीट आला होता.

शेवटी व्हिसा मिळाला. वडील आत्याला आणायला मुंबईला गेले आणि एकटेच परत आले. व्हिसावर लिहिलेल्या गावाबाहेर जायची परवानगी नसे, आणि तिच्या व्हिसावर फक्त मुंबई होती. डहाणू कुणाला ठाऊक, नुसतं मुंबई लिही, असं वडिलांनीच तिला कळवलं होतं. गाडीत बसल्यावर तिकीट पुढच्या स्टेशनापर्यंत वाढवून घेता येतं, तसा व्हिसाही मुंबईला उतरल्यावर वाढवून मिळेल, असं ते धरून चालले होते. मुंबईच्या पोलिसांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं. मला वडिलांचा संताप आला, आणि त्यांचं तोंड बघून कीवही आली.

मग आम्हीच निघालो. आत्या गिरगावात आईच्या मामांकडे उतरली होती. पाळणा काही गाडीतून नेता येईना, म्हणून मामांच्या खोलीत तुळईला लुगडं बांधून झोळी केली. आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगत होती, तेव्हा चाळीतल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ती मनापासून हसली. मग घुगऱ्या वाटून झाल्या, बायका गेल्या, तरी ती बाळाला खाली ठेवीना. आई दोनदा म्हणाली, "दमला असाल, द्या इकडे." तिने काही ते मनावर घेतलं नाही.

आमच्या गाडीची वेळ झाली. आत्याने बाळाला आईकडे दिलं आणि त्याचं झबलं नीट केलं.

"दादा, इथून डहाणू किती रे आता?"

"तीन तास," वडील म्हणाले.

"मग मी अर्ध्या वाटेवरूनच परत चालले की."

वडील सगळ्यांसमोर रडले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.