अण्णांच्या चाकांवरचं पाणी

जगात चकाकणाऱ्या जेवढ्या वस्तू आहेत त्या सगळ्यांची जबाबदारी एकट्या आपल्यावर टाकलेली आहे, अशा समजुतीत जगणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे घरमालक अण्णा. मूळचे निपाणीकडचे, पण चाळीस वर्षं बेंगळुरात. यशवंतपूरच्या घरात खाली ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, वर भाडेकरू आम्ही. शिवाजीनगरच्या एका गल्लीत त्यांचं दुकान. गाड्यांच्या क्रोमच्या आणि पॉलिश केलेल्या चाकांवर पारदर्शक कोटिंग मारायचं, एवढंच काम. रंग नाही, डेंट नाही, पंक्चर तर नाहीच. मी पुण्याहून नवा आलो तेव्हा विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय करता?" तर म्हणाले, "दिसत नाही असलं काम करतो. दिसलं की समजायचं, बिघडलं." न दिसणारं काम करणारे आमच्या आयटीतही पुष्कळ आहेत, पण त्यांचं बिघडलेलंही कधी दिसत नाही.

अण्णा माणसं चेहऱ्यानं ओळखत नाहीत, चाकांनी ओळखतात. एकदा मला त्यांनी काळजीनं विचारलं, "तुमचे ते साडू, मागच्या डाव्या चाकावर पांढरे डाग हायत ते, बरे हायत न्हवं?" साडूंना अँजिओग्राफी झाली होती, अण्णा विचारत होते डागांबद्दल. घरातही त्यांचा हात थांबत नसे. दारावरची पितळी पाटी, अक्कांचा आवडता स्टीलचा डबा, सगळ्यावर थर. अक्कांना चिंच लावून घासायचे कष्ट नकोत म्हणून एकदा समईवरही मारला. सांज झाली, वात पेटली आणि देवघरात असा काही वास सुटला की अक्का बाहेर येऊन ओरडल्या, "देवाला तरी सोडा की ओ!" अण्णा पुढचे तीन दिवस समई खरवडत बसले होते. म्हणाले, "समईची चूक न्हवं. जिथं जाळ हाय तिथं आपण जायचं नसतंय."

त्यांचं शास्त्र मला कधीच नीट समजलं नाही. क्रोमवर थर धरत नाही, म्हणून शक्यतो लावू नये. पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम उघडं ठेवलं तर मळकटतं, म्हणून लावावं. लावलं तर उन्हानं पिवळं पडतं. "मग लावायचं की नाही?" मी वैतागून विचारलं. "लावायचं. पण स्वल्प भीत भीत." तरीही शनिवारी मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचो. आठवडाभर स्क्रीनकडे बघितल्यावर हाताला लागणारं काहीतरी बघायला बरं वाटायचं. एक गोष्ट मात्र पक्की समजली होती. चाक पॉलिश करून, मग थिनरनं पुसून झालं की अण्णा त्यावर तांब्याभर पाणी सोडत. पाणी अखंड पसरलं तर चाक स्वच्छ. थेंब थेंब होऊन फुटलं तर कुठंतरी तेलकटपणा राहिला. त्यावर मारलेला थर आज ना उद्या सोलणारच. "पाणी फुटलं नाही पाहिजे," एवढाच त्यांचा धर्म.

आता जे दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही ते सांगतो.

एका डॉक्टरांच्या जुन्या गाडीची चार चाकं होती. पाण्याची परीक्षा झाली, चाकं वाळली, अण्णा थर फवारताना बांधायचा मास्क आणायला आत गेले. मागच्या उजव्या चाकावर मला अंगठ्याचा ठसा दिसला. बहुतेक माझाच. शेजारी पॉलिशची पिवळी चिंधी पडली होती. मी ती घेऊन ठसा पुसला, आणि तेवढा भाग इतका सुंदर चमकला की मग ते अख्खं चाकच पुसून काढलं. अण्णा आले, चमक बघून खूश झाले, आणि चारही चाकांवर थर मारला. त्या पॉलिशमध्ये मेण असतं, म्हणजे तेलकटपणाच, हे मला माहीत होतं. तरी अण्णांना न सांगता मी चिंधी होती तिथं ठेवून दिली. का, ते आजही सांगता येत नाही.

महिन्याभरानं डॉक्टर गाडी घेऊन घरी आले. मी वरून, पडद्याआडून ऐकलं, "सोललंय हो, अण्णा. दुधावरच्या सायीसारखं." खाली उतरलो नाही. दुसऱ्या दिवसापासून अण्णांनी स्प्रे गन फडक्यात गुंडाळून ठेवली आणि नुसतं पॉलिश करू लागले. "हात गेला माझा," ते म्हणत. अक्का चिडायच्या, "एका चाकापायी एवढं?"

गेल्या महिन्यात त्यांनी गन देऊन टाकायची ठरवली. घेणारा सोमवारी येणार होता. रविवारी सकाळी मी खाली गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ठसा, चिंधी, पडदा. अण्णांनी स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघितलं.

"किती चाकं पुसलासा?"

"एकच. मागचं उजवं."

"मग तुमची चूक कशी ओ? चारही सोलली होती की."

मी गोंधळून अक्कांकडे पाहिलं. त्या लगेच तांदूळ निवडायला लागल्या. अक्का तर दोन वर्षं एकाच चाकाचं नाव घेत होत्या. ते नुसतं बोलणं होतं, की अण्णा आत्ता माझ्यावर एक थर मारत होते? मी चाकं पाहिली नव्हती, ती पाहिलेला माणूस समोर होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

सोमवारी गन घ्यायला आलेला माणूस मोकळ्या हातानं परत गेला. शनिवारी दुकानात गेलो तर गनवरचं फडकं खुंटीवर टांगलेलं, आणि अण्णा एका चाकावर तांब्यातून पाणी सोडत होते. पाणी सावकाश, एकसंध, कडेपर्यंत पसरत गेलं.

"फुटलं नाही," मी म्हणालो.

"सरी," अण्णा कानडीत 'ठीक' म्हणाले. मास्क आणायला आत जाता जाता वळले. "तेवढं हात मागं बांधून उभारा."

मी बांधले. चाकावर एक ठसा होता असं वाटत होतं, नव्हता असंही वाटत होतं. ते येईपर्यंत मी तसाच उभा होतो.